जावईबापूंची झडती

जावईबापूंची झडती झाली त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. बाजाराच्या मोठ्या दारात पहारेकऱ्याने त्यांना अडवलं, बाजूला घेतलं, कोटाचे खिसे उलटे करायला लावले आणि बॅगेतला डबा काढून त्याचं झाकणसुद्धा उघडून पाहिलं. डब्यात कापलेलं सफरचंद होतं. त्या सफरचंदाचा अपमान वहिनीच्या इतका जिव्हारी लागला होता, की दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, त्याला भाषा कळो न कळो, ती हातवारे करून सांगत होती: डबा असा धरला, झाकण असं काढलं, आत असं नाक खुपसलं.

आत्या मशीनवर बसून पँटला दुमड घालत होती आणि ऐकत होती. जावयाचं तिला वाईट वाटलं नव्हतं असं नाही. पण बाजाराचा नवा मॅनेजर आल्यापासून शेजारच्या न्हाव्याच्या गिऱ्हाइकांना त्याच दारात रोज बाजूला घेत होते, हे ती विसरू शकत नव्हती. ज्याचा रंग काळा, ज्याचे डोळे बारीक, जिच्या डोक्याला रुमाल, ते बाजूला. बाकीचे चला पुढे. तेव्हा तिने दादाला दोनदा सांगून पाहिलं होतं. "आपल्याला काय करायचंय?" दादा म्हणाला होता. "ते आणि ते दार, बघून घेतील." आता तोच दादा कात्री आपटून म्हणत होता, "हा अन्याय आहे! माणसाला काही किंमत आहे की नाही?" आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण आपल्याच दुकानात बेतून शिवली असावी, असं आत्याला वाटलं.

दादाच्या हाताला यश होतं. कसलंही वाकडंतिकडं शरीर असो, त्याने बेतलेला कोट अंगावर चढला की माणूस सरळ दिसायचा. पण बाजारची भाषा काही त्याच्या जिभेवर चढली नाही. माप घेण्यापुरते चार शब्द आले, तेवढ्यावर त्याने इतकी वर्षं काढली. बाकीचं बोलणं काउंटरवर बसणाऱ्या धाकट्या बहिणीकडे. आणि आत्याने त्यात आपली एक कला कमावली होती. ती दादाचं बोलणं जसंच्या तसं पुढे देत नसे. दादाचं बोलणं म्हणजे उसवलेलं कापड. ती त्याला टीप मारून, दोरे कापून, इस्त्री करून समोरच्याच्या हातात द्यायची.

एकदा दादा ओरडला होता, "त्या न्हाव्याला सांग, पुन्हा आमच्या दारात केस झाडलेस तर झाडूसकट बाहेर फेकीन!" आत्याने सांगितलं, "दादा विचारतोय, तुमच्या आईची तब्येत कशी आहे? आणि आज वारा जरा आमच्या बाजूचा आहे." न्हाव्यानेही काहीतरी लांबलचक उत्तर दिलं होतं, त्यातलं आत्याने दादाला फक्त 'बरी आहे' एवढंच कळू दिलं. असं करत करत दोन्ही पुरुष एकमेकांना फार सुसंस्कृत समजायला लागले होते, निदान आत्याची तशी समजूत होती.

झडतीच्या दुसऱ्या दिवशी न्हावी काउंटरवर आला. उंचापुरा, काळाभोर, एकेक शब्द तोलून बोलणारा माणूस. म्हणाला, "तुमच्याही घरच्या माणसाला अडवलं, ऐकून वाईट वाटलं. गुरुवारी बाजार बंद झाला की बसून बोलू या. तुमचं कापायचं टेबल सगळ्यांत मोठं आहे. चालेल का?"

आत्याने दादाला विचारलं. दादाने तोंडातल्या टाचण्याही काढल्या नाहीत. "त्याला म्हणावं, दुकान म्हणजे धर्मशाळा नाही."

"दादा म्हणतो," आत्या म्हणाली, "दुकान तुमचंच समजा."

त्यामुळे गुरुवारी शटर अर्धं खाली आल्यावर त्याच्याखालून एकेक माणूस वाकून आत यायला लागला, तेव्हा दादा हातातला खडू तसाच धरून बघत राहिला. आधी किल्लीवाला आला. एवढासा, शांत माणूस. त्याच्या डोळ्यांवरून वहिनीने त्याचं नाव 'झोपाळू' ठेवलं होतं, वास्तविक त्याच्याइतका जागा माणूस त्या बाजारात दुसरा नव्हता. मग डोक्याला रुमाल बांधलेली फुलवाली आली. तिचा आवाज तिच्याआधी पोचला. शेवटी न्हावी, आणि त्याच्या हाताला धरून त्याची म्हातारी आई. ही म्हातारी दिवसभर न्हाव्याच्या दुकानात, मधल्या फळ्यांच्या भिंतीला पाठ लावून बसलेली असायची. आजही तिने इस्त्रीच्या टेबलाशेजारचं स्टूल बघून ठेवलं आणि तिथे जाऊन बसली.

"हे सगळे इथे का?" दादा आत्याच्या कानाशी लागला.

"तूच बोलावलंस."

"मी? कधी?"

"मनातून."

दादा तिच्याकडे बघत राहिला. पण तोवर वहिनीने आधण ठेवलं होतं. घरात दरोडेखोर शिरले असते तरी वहिनीने आधी चहाचं विचारलं असतं. चहा झाला म्हणजे माणसं बसणार, हे दादाला ठाऊक होतं. तो मुकाट्याने टेबलाच्या टोकाला जाऊन बसला. त्याची लेक बापाच्या शेजारी बसली. ती नोकरीवरून थेट इकडेच आली होती.

न्हाव्याने सुरुवात केली. त्याची गिऱ्हाइकं आता येईनाशी झाली होती. केस कापायला येणाऱ्या माणसाला दारात हात वर करून उभं करतात, येणारे-जाणारे बघतात. "केस वाढले तर वाढू देत, म्हणतात. त्यांचं काय चुकलं? मॅनेजरला भेटलो. तो म्हणाला, आम्ही फक्त संशयितांनाच तपासतो. मी विचारलं, संशय कशावरून येतो? तो म्हणाला, बघितल्यावर कळतं." खुर्च्या अशाच रिकाम्या राहिल्या तर महिनाअखेर गाळा सोडण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. हे त्याने काहीही आवाज न चढवता सांगितलं. आत्याने ते दादाला सांगितलं तेव्हा तिचाच आवाज चढला.

मग किल्लीवाल्याने आपला बेत मांडला. शनिवारी गर्दीच्या वेळी सगळ्यांनी दारात रांग लावायची. ज्यांना रोज अडवतात त्यांनी, आणि ज्यांना कधीच अडवत नाहीत त्यांनीही. प्रत्येकाने म्हणायचं, माझी झडती घ्या, नीट घ्या, पिशवीच्या तळापर्यंत घ्या. संशय घ्यायचा तर सगळ्यांचा घ्या. दुपारपर्यंत रांग रस्त्यावर जाईल, आणि मॅनेजरला ठरवावं लागेल की बाजार चालवायचा की पिशव्या तपासायच्या.

"म्हणजे स्वतःहून झडती द्यायची?" दादाने विचारलं. "सरळ चाललेल्या माणसाने वाट वाकडी करून?"

आत्या उत्तर देणार तेवढ्यात शटर खाडकन वर गेलं आणि जावईबापू आत आले. पडलो तरी नाक वर म्हणतात, तसं त्यांचं नाक त्या दिवशी छताला टेकायच्या बेतात होतं.

"बाबा, काम फत्ते!" त्यांनी टेबलावर निळे बिल्ले पसरले. "मॅनेजरला गाठलं. सरळ सांगितलं, आमचं घराणं तसलं नाही. तो म्हणाला, चूक झाली, तुम्ही लोक वेगळे, कष्टाळू, कुणाच्या वाटेला न जाणारे. हा बिल्ला लावा, पहारेकरी बोटसुद्धा लावणार नाही!"

न्हावी उठला आणि त्याने आपली खुर्ची जावईबापूंना दिली. त्यांनी ती घेतली. "आणि खरी गोष्ट पुढेच आहे. शेजारचा गाळा महिनाअखेर रिकामा होतोय. पहिला हक्क आपला. मधली भिंत काढली की झालं!"

हे सगळं मराठीत चाललं होतं. ज्याचा गाळा त्यांनी वाटून टाकला तो न्हावी त्यांच्यासाठी चहाचा कप पुढे सरकवत होता.

आत्याने दादाकडे पाहिलं. दादा फळ्यांच्या भिंतीकडे बघत होता. ट्रायल रूमचं खूळ त्याच्या डोक्यात किती वर्षांचं होतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. सध्या गिऱ्हाइकं इस्त्रीशेजारच्या पडद्यामागे कपडे घालून बघायची. कुणाचं कोपर बाहेर यायचं, कुणाचा गुडघा, आणि एका वकिलाला तर तिथे चांगलाच चटका बसला होता. दादाचे डोळे त्या भिंतीचं माप घेत होते. आत्याच्या आयुष्यात माणसं फारशी नव्हती. लग्न झालं नाही, मैत्रिणी जिकडच्या तिकडे गेल्या. दुपारी खोकला आला की भिंतीपलीकडून म्हातारी दोन टकटक करायची, म्हणजे पाणी पी. न्हावी रिकामा असला की दारात उभं राहून तिच्याशी बोलायचा. ही भिंत काढून तिथे आरसा लावला, तर त्या आरशात आपण रोज काय बघायचं?

"अहो," लेक म्हणाली. लेक एरवी नवऱ्याला 'अरे' म्हणायची. 'अहो' आलं की जावईबापू सावध होत. "बिल्ले चारच आहेत."

"चारच पाहिजेत. बाबा, आई, तू आणि मी."

"आणि आत्या?"

जावईबापूंनी आत्याकडे असं पाहिलं जसं काही ती आत्ताच तिथे उगवली. "मॅनेजरने विचारलं, कुटुंबात कोण कोण? मी आपलं पटकन... आत्या काय, त्या घरातल्याच आहेत!"

"घरातल्या, म्हणून मोजल्या नाहीत?"

वहिनीने तोवर एक बिल्ला पदराला लावून आरशात पाहूनही घेतलं होतं. ती गर्रकन वळली. आत्याचं आणि तिचं इतक्या वर्षांत एका दिवशीही धड पटलं नव्हतं. इस्त्री कुणी बंद करायची इथपासून ते देवाघरी गेलेल्या सासूबाई कुणावर जास्त चिडायच्या इथपर्यंत त्यांचे वाद होते. पण वहिनीने पदरावरचा बिल्ला असा उपटला की पदराला भोक पडलं.

"वन्संना नावं ठेवायचा हक्क या घरात माझा आहे!" ती म्हणाली. "त्यांना वगळायला हा मॅनेजर कोण? काउंटर कोण सांभाळतं? यांच्या भांडणांवर पांघरूण कोण घालतं? जावईबापू, तुम्हाला सफरचंद कापून दिलं कुणी त्या दिवशी? मी नाही दिलं. वन्संनी दिलं."

"आई, मला तसं म्हणायचं नव्हतं..."

"म्हणायचं नव्हतं, मोजायचं होतं," लेक म्हणाली.

फुलवालीने आत्याला कोपराने ढोसलं. "काय झालं? काय म्हणतायत?"

"जावयाचा कोट घट्ट झालाय," आत्या म्हणाली. "त्यावरून बोलणं चाललंय."

न्हावी दादाकडे वळला. "शनिवारी तुम्ही रांगेत आमच्याबरोबर असाल का? तुमचं दुकान या बाजारात सगळ्यांत जुनं. तुम्ही उभे राहिलात तर बाकीचे येतील. तुम्ही नाही आलात, तर मॅनेजर म्हणेल, बघा, चांगल्या लोकांची काही तक्रार नाही."

आत्याने प्रश्न दादापुढे ठेवला. दादा उभा राहिला. समोर चार बिल्ले, बाजूला भिंत, भोवती एवढी तोंडं. त्याने घसा साफ केला.

"आम्ही कष्टाची माणसं," दादा म्हणाला. "आम्ही कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. आमचं आम्ही बघतो. यावर आम्ही विचार करू."

आत्याला एकाएकी फार थकवा आला. आज टीप मारायची नाही, इस्त्री करायची नाही, असं तिने ठरवलं आणि दादाचा शब्द न् शब्द बाजारच्या भाषेत सांगून टाकला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती खरं बोलली आणि तिथेच फसली. कारण बाजारच्या भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' असं वेगवेगळं काही नाही; दोघांना मिळून एकच शब्द. त्या शब्दात खोलीतली सगळीच माणसं मावतात. फुलवालीने टेबलावर एवढ्या जोरात थाप मारली की टाचण्या उडाल्या. "बरोबर! सगळेच कष्टाची माणसं! आपलं आपणच बघायला पाहिजे!" किल्लीवाला मान डोलावत हसला. न्हाव्याने दादाचा हात धरण्यासाठी हात पुढे केला.

तेव्हा स्टुलावरच्या म्हातारीने बोट वर केलं.

"आमी?" ती म्हणाली. "का आपन?"

ती मराठीत बोलली होती. वहिनीच्या हातातली किटली तिरकी झाली आणि चहा टेबलावर सांडला.

मराठी माणूस दिवसातून शंभरदा हे दोन शब्द वापरतो आणि एकदाही थांबून त्यांच्याकडे बघत नाही. 'आपण जेवू' म्हटलं की पाहुण्याचंही ताट मांडलेलं असतं. 'आम्ही जेवू' म्हटलं की पाहुण्याने उठून चपला शोधाव्यात. म्हातारीने ते ओळखलं होतं. न्हाव्याने बाजारच्या भाषेत सगळ्यांना समजावून सांगितलं, की त्याच्या आईच्या भाषेतही असेच दोन शब्द आहेत, एक ऐकणाऱ्याला धरून आणि एक त्याला सोडून. भिंतीला पाठ लावून बसल्यावर पलीकडच्या भाषेत तिने पहिल्यांदा हे दोन वेचून काढले. "बाकीचं नंतर शिकली," तो म्हणाला.

आत्याने हे मराठीत सांगितलं.

"बाकीचं म्हणजे?" वहिनीने विचारलं. तिचा आवाज कुठून येतोय ते तिलाही कळत नव्हतं.

म्हातारीने घसा साफ केला आणि थेट वहिनीच्या सुरात, हेल काढून सुरुवात केली. "कावळा आला का दुकानात? झोपाळू उठला का? पोरी, उन्हात नको फिरू, न्हाव्यासारखी होशील!"

भिंतीला कान असतात, हे वहिनीने लोकांना हजारदा ऐकवलं होतं. ती स्वतः काही चंद्राचा तुकडा नव्हती. पावडरचा डबा लागायचा. तिने तोंडावर पदर ओढला, आणि पदराला नुकत्याच पडलेल्या भोकातून तिचा एक डोळा टुकुटुकु बघत राहिला. लेक हसू दाबायला टेबलाखाली गेली.

"झोपाळू म्हणजे काय?" किल्लीवाल्याने सभ्यपणे विचारलं.

आत्याकडचा दोरा संपला होता. ती न्हाव्याकडे वळली. "म्हणजे मी दादाचं म्हणून तुम्हाला जे जे सांगत आले..."

"ते खोटं होतं, मला माहीत होतं," न्हावी म्हणाला. "आई मला लगेच सांगायची, तो काय म्हणाला आणि तुम्ही काय सांगितलंत. आम्ही रात्री जेवताना हसायचो. पण ताई, तुमच्या तोंडून तुमचा भाऊ फार चांगला माणूस आहे. मला शेजारी तोच हवा होता. म्हणून मी त्यालाच उत्तर देत राहिलो."

आत्याला काय वाटलं ते तिला धड सांगता आलं नसतं. लाजही वाटली, आणि इतक्या वर्षांत आपण एकट्याच खोटं बोलत नव्हतो याचा आनंदही झाला. दोन्ही एकदम डोळ्यांत आलं.

"काय म्हणतो तो?" दादाने विचारलं. "आणि ती म्हातारी का बघतेय माझ्याकडे?"

म्हातारी आता आपल्या भाषेत बोलत होती. न्हावी बाजारच्या भाषेत आणत होता आणि आत्या मराठीत. तीन जिभांवरून येऊनही ते बोलणं काही बोथट झालं नाही. छताचा नळ फुटला होता तेव्हाची गोष्ट म्हातारी सांगत होती. दोन्ही दुकानांत पाणी, लग्नाचे सूट तरंगताहेत, आणि न्हावी आपल्या खुर्च्या तशाच भिजत ठेवून दादाचं कापड बाहेर नेतो आहे. त्या दिवशी दादा सारखा 'आपण' म्हणत होता. आपण हे उचलू, आपण ते वाळत घालू, आपण जरा बसू. भिंतीपलीकडच्या म्हातारीला मोजतासुद्धा येईना, इतक्यांदा. दुसऱ्या दिवशी कापड वाळलं आणि पुन्हा 'आम्ही' सुरू झालं. "ती म्हणते," आत्या म्हणाली, "तेव्हापासून ती नळ फुटायची वाट बघते."

जावईबापूंनी हळूच बिल्ले गोळा करायला घेतले. लेकीने त्यांच्या हातावर हात ठेवला. "राहू देत तिथेच. बाबांना दिसू देत."

दादाने एकदा बिल्ल्यांकडे पाहिलं आणि एकदा भिंतीकडे. "तू काहीतरी सांग ना त्यांना," तो आत्याला म्हणाला. "नेहमी सांगतेस तसं."

"आज माझी जीभ दुखते. तूच सांग."

दादाच्या कपाळाची शीर उडायला लागली. हे चिन्ह आत्याला लहानपणापासून माहीत होतं. आता हा एक तर ओरडेल नाहीतर निघून जाईल.

"येऊ," दादा म्हणाला.

म्हातारीने कपाळाला आठ्या घातल्या. तिने तो शब्द उलटासुलटा करून पाहिला. मराठी क्रियापद असं लबाड असतं; कोण येणार ते पोटात ठेवून मोकळं होता येतं. "कोन?" तिने विचारलं.

"येऊ म्हटलं ना!" दादा ओरडला आणि तडक बाहेर गेला.

शुक्रवारी दुकानात सगळे कुजबुजत बोलत होते. वहिनी सकाळीच किल्लीवाल्याकडे चहा घेऊन गेली आणि तिथे, एकही शब्द येत नसताना, बराच वेळ उभी राहिली. काय बोलली ते कुणाला कळलं नाही, पण परत आली तेव्हा तिच्या हातात घराच्या कपाटाची नवी किल्ली होती आणि नाक लाल झालेलं होतं. दादाने दिवसभर एकच कोट बेतला आणि तोही चुकला. बिल्ले टेबलावर तसेच पडून होते. आत्या रात्री दुकान झाकताना त्यांच्याकडे बघून आली. तिला खात्री नव्हती.

शनिवारी दाराशी जी गंमत झाली ती बाजाराने पूर्वी पाहिली नव्हती. किल्लीवाला एक ट्रंकभर किल्ल्या घेऊन आला होता. "ही कशाची?" पहारेकरी प्रत्येक किल्लीला विचारायचा. "माहीत नाही, साहेब. माणसं विसरून जातात. पण नीट बघा, काय सांगता येतं." फुलवालीने प्रत्येक जुडी सोडून देठ दाखवायला सुरुवात केली आणि एकेका फुलाचं नाव सांगितलं, पहारेकऱ्याला आवडो न आवडो. वहिनीच्या पिशवीत दुकानातला बटणांचा डबा होता. तो पायरीवर उपडा झाला, आणि मग रांगेतली निम्मी माणसं गुडघ्यावर बसून बटणं वेचत राहिली. पँट न्यायला आलेले एक गोरेपान, घरंदाज वृद्ध गृहस्थ काठी टेकत पुढे झाले. पहारेकऱ्याने त्यांना सवयीने आत सोडलं, तर ते खवळले. "मी काय संशय घेण्याच्या लायकीचा नाही?" म्हणून त्यांनी टोपी काढून त्याच्या हातात दिली.

जावईबापूही आले होते. सकाळी लेकीने नुसतं विचारलं होतं, "अहो, येताय ना?" आणि त्यांना ते पुरलं होतं. या वेळी डबा मात्र त्यांनी रिकामा आणला होता.

न्हाव्याची गिऱ्हाइकंही आली. केस वाढलेली, शनिवारची सुटी असलेली, कामाच्या कपड्यांतली माणसं. रांग कोपऱ्यावरून वळून रस्त्यावर गेली. मॅनेजर धावत आला तेव्हा त्याचा चेहरा फुलवालीच्या टोपलीतल्या कुठल्याही फुलापेक्षा लाल होता.

आणि दादा आला. नेहमीसारखा, मान खाली, गळ्यात टेप. आत्याने त्याच्या छातीकडे पाहिलं. बिल्ला नव्हता, पण खिशात असू शकतो, असं तिच्या मनात आलंच. मॅनेजरने त्याला पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने गर्दीतून हात केला. तुम्ही कशाला उभे, तुम्ही या, तुमचं वेगळं आहे!

आत्या मराठीत सांगायला लागली.

"कळलं मला," दादा म्हणाला, आणि जागचा हलला नाही.

पहारेकऱ्याने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरने रागाने मान हलवली: घे मग.

"हात वर," पहारेकरी म्हणाला. "वळा."

बाजारच्या भाषेतले दादाला येणारे चार शब्द हेच. हात वर, वळा, सरळ उभे राहा, झालं. जन्मभर तो हे शब्द गिऱ्हाइकांना सांगत आला होता, आणि गिऱ्हाइकं खुशीने हात वर करायची, कारण अंगावर नवा कोट येणार असायचा. त्याने हात वर केले. पहारेकऱ्याचे हात त्याच्या काखेतून, कमरेवरून, पायांवरून फिरले. माप घेणाऱ्याचे हात असे फिरत नाहीत. खिशातून खडू निघाला, मग काजं करायची छोटी कात्री. पहारेकऱ्याने ती उंच धरली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि विचारलं, ही कशाला? दादाला प्रश्न कळला नाही. पण सगळे आपल्याकडे बघताहेत एवढं कळलं. त्याचे कान लाल झाले. कात्री परत मिळाली, झडती संपली, तरी त्याचे हात वरच होते. 'झालं' हा शब्द त्याला कुणी म्हणालं नव्हतं.

आत्याने पुढे होऊन त्याचे हात खाली घेतले.

दादाच्या मागे न्हाव्याचं एक गिऱ्हाईक उभं होतं. त्याला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. पण त्याने बॅग उघडून पायाशी ठेवली होती, जॅकेटची बटणं सोडली होती आणि तो खिसे आतून बाहेर काढत होता, रोज घरी आल्यावर माणूस बूट काढतो तितक्या सहज.

"रोज?" दादाने विचारलं.

"रोज," आत्या म्हणाली.

वहिनी दाराच्या आत पोचली होती. बटणांचा डबा पोटाशी धरून तिने हाक मारली, "अहो, या ना आत! झाली ना तुमची?"

"एकदाच झाली," दादा म्हणाला, आणि वळून, सगळी रांग ओलांडत, शेवटच्या माणसाच्या मागे जाऊन उभा राहिला.